शर्तीचं राज्य

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात कुणाला पत्ता समजावून सांगायचा तर दोन-तीन व्हाइसरॉय ओलांडल्याशिवाय भागत नाही. एका अंगाला इर्विन रोड. देवराज मार्केटच्या कोपऱ्यावरचं घड्याळ डफरिनसाहेबांच्या भेटीची आठवण म्हणून उभं राहिलं. गावातले लोक त्याला ‘चिक्क गडियार’, म्हणजे धाकटं घड्याळ, म्हणतात. तिथून हाकेच्या अंतरावर लॅन्सडाउन बिल्डिंग. २०१२ साली तिचा एक भाग कोसळून माणसं दगावली. आणि या सगळ्यांना आडवा जाणारा बाजारपेठेचा हमरस्ता म्हणजे सयाजीराव रोड, बडोद्याच्या गायकवाडांच्या नावाचा. पुण्या-कोल्हापूरचा पाहुणा आला की त्या पाटीखाली उभा राहून फोटो काढून घेतो. मोहल्ल्याचं नावही त्याला ओळखीचं वाटतं. पुण्यात लष्कर आहे, ग्वाल्हेरला शिंद्यांच्या छावणीचं लश्कर आहे, तसंच हे. फौज उठून गेली, नाव राहिलं.

वसाहतीतून सुटलेल्या देशांनी खुल्या बाजाराची वाट धरावी की नाही, हा प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षं आपल्याकडे फार ठोकळेबाज पद्धतीने मांडला जातो. एका बाजूचे म्हणतात, बाजार म्हणजे साम्राज्याचाच नवा अंगरखा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, साम्राज्य १९४७ साली गेलं, आता ते जुनं रडगाणं पुरे. या मोहल्ल्यात उभं राहून पाहिलं तर दोन्ही बोलणी अपुरी वाटतात. इथे बाजार आणि फौज एकाच कागदावरून आली. त्या कागदाला तेव्हा तह म्हणत, पुढे करार म्हणू लागले, आता ‘ॲग्रीमेंट’. मला या सगळ्या इतिहासात एकच गोष्ट शोधावीशी वाटते: कागदावरच्या अटी कुणी लिहिल्या आणि त्या बदलून घेण्याची ताकद कुणात होती?

सुरुवात आपल्याच घरापासून करावी लागेल. १७९२ साली श्रीरंगपट्टणाला टिपूला जो तह करावा लागला, त्यात कॉर्नवॉलिसच्या शेजारी निजामाची माणसं होती तशी पेशव्यांची म्हणून हरिपंत फडकेही होते. टिपूचं अर्धं राज्य गेलं, तीन कोटी तीस लाख रुपयांची खंडणी बसली, दोन मुलगे ओलीस गेले. मराठ्यांना तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळाला आणि पुण्यात आनंद झाला. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला. त्याच्या राज्याचा एक तुकडा कंपनीने पेशव्यांना देऊ केला, पण अटींसह. दुसऱ्या बाजीरावाने तो घेतला नाही. अट ओळखण्याइतकी अक्कल पुण्यात शिल्लक होती म्हणायची. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला त्याच जातीच्या कागदावर सही झाली, तेव्हा ती अक्कल कुठे गेली होती, कुणास ठाऊक. १८०३ साली आर्थर वेलस्ली पुण्याकडे आणि तिथून असईला गेला तो म्हैसूरच्या मुलखातून. त्याच्या तोफा-रसद ओढायला म्हैसूरचे बैल होते, बरोबर म्हैसूरचे घोडेस्वार होते. एका तहाने मिळालेलं सामान पुढच्या तहासाठी वापरायचं, ही पद्धत तेव्हापासूनची.

म्हैसूरच्या गादीवर वोडेयर घराण्यातला लहान मुलगा बसवून कंपनीने जो तैनाती तह केला, त्यातली दोन कलमं आजच्या वाचकाने नीट वाचावीत. पहिलं, फौजेच्या खर्चापोटी दरवर्षी सात लाख होन, म्हणजे साडेचोवीस लाख रुपये, कंपनीला द्यायचे. दुसरं, ही रक्कम धोक्यात आहे असं गव्हर्नर जनरलला वाटलं तर त्याने राज्याचा कारभार ताब्यात घ्यावा. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था कर्जासोबत धोरणाच्या अटी घालतात, त्यावर आपण गेली काही दशकं वाद घालतो आहोत. त्या कल्पनेचा कच्चा खर्डा श्रीरंगपट्टणात तयार होता.

वर्षाची रक्कम भरायची तर सारा हमखास गोळा व्हायला हवा. त्यासाठी ‘शर्ती’ची पद्धत आली. अमलदाराने तालुक्यातून अमुक इतकी वसुली करून देईनच अशी शर्त लिहून द्यायची. कमी पडली तर त्याच्या खिशातून, जास्त आली तर सरकारचा फायदा. अमलदाराने खिसा वाचवायला काय केलं असेल ते सांगायला नको. १८३०मध्ये म्हैसूर राज्याच्या नगर भागातले रयत उठले, गावोगाव कूट, म्हणजे रयतांच्या सभा, भरू लागले. त्यांचा राग महाराजांच्या कारभारावर होता, साहेबावर होता, आणि त्याहून जवळचा राग वसुली करणाऱ्या देशस्थ कारकून-अमलदारांवर होता. तेव्हा इथल्या दप्तरात कन्नडबरोबर मराठीही चाले आणि त्या दप्तराचे मानकरी बरेचसे आपलेच लोक होते. साम्राज्यविरोधी लढ्याचा इतिहास लिहिताना मराठी माणूस हे पान भरभर उलटतो. उठाव मोडला, पण कंपनीला हवं होतं ते निमित्त मिळालं. १८३१ साली तहातलं ते दुसरं कलम बाहेर निघालं आणि पुढची पन्नास वर्षं म्हैसूर इंग्रज कमिशनरांनी चालवलं. १८८१ साली राज्य परत मिळालं, तेव्हा वार्षिक रक्कम पस्तीस लाखांवर गेलेली. ती कमी करून घ्यायला १९२७ उजाडावं लागलं. महाराजांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात व्हाइसरॉय इर्विन यांनी साडेदहा लाखांची सूट जाहीर केली. इर्विन रोडवरून भाजीची पिशवी घेऊन येताना मला दरवेळी हा आकडा आठवतो. इतक्या वर्षांनी मिळालेली तिसऱ्या हिश्शाहूनही कमी सूट, आणि रस्ता मात्र अख्खा.

ही रक्कम जाते कुठे आणि बदल्यात काय मिळतं, हा हिशेब मराठी माणसांनी फार लवकर मांडला. आपल्या पाठ्यपुस्तकांत संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त म्हटलं की दादाभाई नौरोजींचं नाव येतं, ते योग्यच. पण १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर ‘एक हिंदू’ या सहीने मुंबईच्या इंग्रजी पत्रात लिहीत होते आणि १८४३ साली रामकृष्ण विश्वनाथ यांनी हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर मराठीत आख्खं पुस्तक लिहिलं. दोघांनीही पैसा देशाबाहेर कसा वाहतो ते ओळखलं होतं. लोकहितवादींनी शतपत्रांतून देशी मालाचा आग्रह धरला. तेव्हा ‘स्वदेशी’ हा शब्द घोषणा व्हायला अजून अर्धं शतक होतं.

खुला व्यापार खुला कसा नव्हता, याचं सगळ्यात नागडं उदाहरण कापडाचं आहे. लँकेशायरच्या दबावाखाली १८८२ साली आयात कापडावरची जकात उठवली. पुढे तिजोरीत खडखडाट झाला म्हणून १८९४मध्ये ती परत आणावी लागली. पण मँचेस्टरची तक्रार येताच १८९६ साली मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्क्यांचा कर बसवला. परदेशी मालावर जकात असेल तर देशी मालानेही दंड भरावा, हा न्याय! तो कर जायला १९२५-२६ साल लागलं. खेड्यात बाजार पोचला तो वेगळ्या रूपाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपलं आणि भाव कोसळला. सारा आणि सावकाराचं देणं मात्र तसंच राहिलं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. जगाच्या बाजाराशी पुणे जिल्ह्याची ही पहिली मोठी झटापट. वह्या जाळल्या हे महत्त्वाचं, कारण अटी तिथे लिहिलेल्या होत्या.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, ते मी या सगळ्या वादातला मैलाचा दगड मानतो. इंग्लंडमध्ये लिहिलेलं अर्थशास्त्र म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा नियम नव्हे, ते त्या देशाच्या त्या काळच्या सोयीचं शास्त्र आहे, असं त्यांनी सांगितलं. जर्मनीच्या फ्रीडरिख लिस्टचा दाखला दिला आणि उद्योग उभे करायला सरकारने पुढे यायला हवं असं मांडलं. कोरियात जन्मलेले, तेव्हा केंब्रिजला असलेले अर्थतज्ज्ञ हा-जून चांग यांनी २००२ साली लिस्टचीच उपमा घेऊन पुस्तक लिहिलं: श्रीमंत देश शिडीने वर चढले आणि मग शिडी लाथाडली. जगभर त्याचं कौतुक झालं. डेक्कन कॉलेजातलं व्याख्यान मात्र आपल्याच विद्यापीठांत कुणी वाचत नाही.

पण रानड्यांना एक प्रश्न पुण्यातूनच, आणि आधीच, विचारला गेला होता. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले विलायती मालाने कारागीर बसले हे सांगतात, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारांवर कोरडे ओढतात. पण त्यांचा असूड तिथे थांबत नाही. तो कुलकर्ण्याच्या दप्तरावर आणि सावकाराच्या ओसरीवरही पडतो. पैसा लंडनला जातो हे खरं, पण वाटेत तो कुठे कुठे मुक्काम करतो? वसाहतवादाच्या बहुतेक देशी टीकाकारांना हा प्रश्न अडचणीचा वाटला. नगरच्या रयतांना विचारला असता तर त्यांनी झटक्यात उत्तर दिलं असतं.

रानड्यांचं तत्त्व प्रत्यक्षात आणायची संधी ब्रिटिश मुलखात नव्हती, ती काही प्रमाणात म्हैसूरला मिळाली. आणि ती वापरणारा माणूस पुण्यात शिकलेला होता. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या सायन्स कॉलेजातून इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांची वर्षं गेली, खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. बँक, विद्यापीठ, साबण, चंदनतेल, भद्रावतीच्या लोखंडाची पायाभरणी, सगळं या काळाच्या आसपासचं.

चंदनाची गोष्ट थोडी तपशिलात सांगण्यासारखी आहे. म्हैसूरचं चंदन टिपूच्या काळापासून सरकारी मक्त्याचं. पण लाकूड लिलावात विकलं जाई आणि तेल निघे जर्मनीत. महायुद्ध सुरू झालं, जर्मन गिऱ्हाईक शत्रू ठरलं आणि राज्याच्या वखारीत लाकडाचे ढीग पडून राहिले. तेव्हा आल्फ्रेड चॅटर्टन यांच्या पुढाकाराने, बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने तेल इथेच काढायचं ठरलं. १९१६ साली बंगळूरला आणि पाठोपाठ म्हैसूरला कारखाना निघाला. जो माल वर्षानुवर्षं ओंडक्यांच्या रूपात समुद्रापार जात होता, तो बाटलीत भरून जाऊ लागला. यात देशभक्तीचं भाषण कुठेही नाही. युद्धाने बाजार बंद केला, सरकारच्या हातात कच्चा माल होता आणि संशोधन करणारी संस्था जवळ होती, एवढ्यावर हे घडलं. विकासाच्या धोरणावरची जाडजूड पुस्तकं वाचण्याआधी ही एक गोष्ट वाचावी.

त्याच्या उलटी गोष्ट सोन्याची. कोलारच्या खाणी १८८०पासून लंडनच्या जॉन टेलर कंपनीच्या हाती. राज्याला पाच टक्के स्वामित्वधन. १९०२ साली शिवनसमुद्रमला वीज तयार झाली आणि ती दीडशे किलोमीटरच्या आसपास तारा टाकून आधी खाणींना गेली. बंगळूरला दिवे लागले १९०५ साली आणि राजधानी म्हैसूरला १९०८ साली. अंधारात बसून सोनं उजळणारं राज्य. १९३० साली खाणमजुरांच्या अंगठ्याचे ठसे घेऊन नोंदणी करायचा कायदा आला, तेव्हा हजारो मजुरांनी काम बंद ठेवलं आणि कायदा मागे घ्यायला लावला. बायोमेट्रिक हजेरीच्या आजच्या काळात हा संप कुणाच्या आठवणीतही नाही.

मात्र म्हैसूरचं ‘आदर्श संस्थान’ म्हणून जे चित्र रंगवलं जातं त्याला मी अर्धेच गुण देईन. १९०८ साली इथे वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा नियम आला तो व्ही. पी. माधवराव या दिवाणांच्या काळात, आणि ते होते कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले. ‘तातय्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वेंकटकृष्णय्यांनी निषेध म्हणून आपली पत्रं बंद केली. कारखाने आले, जबाबदार राज्यपद्धती आली नाही. त्यासाठी स्वातंत्र्यानंतरही १९४७च्या सप्टेंबरात ‘मैसूर चलो’ करावं लागलं; त्यात गोळीबारात पडलेल्या रामस्वामी या शाळकरी पोराच्या नावाचं सर्कल म्हैसुरात आहे. व्हाइसरॉयांच्या मानाने त्याच्या वाट्याला कोपराच आला. धरणग्रस्तांची कथाही तीच. कावेरीवर कन्नंबाडीचं धरण उभं राहत होतं त्याच काळात तिकडे मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे सेनापती बापट तुरुंगात गेले. स्वदेशी भांडवल, मुंबईच्या गिरण्यांना वीज, बुडालेली मावळी गावं. परक्याच्या अटी ओळखणं सोपं. आपल्याच माणसाने घातलेली अट ओळखायला मुळशीकरांची नजर लागते.

स्वातंत्र्यानंतरची चार दशकं इथे पटकन ओलांडतो, कारण त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. घानाच्या क्वामे एन्क्रुमांनी १९६५ साली ‘नववसाहतवाद’ या नावाने पुस्तक लिहिलं: झेंडा आपला, पण अर्थव्यवस्थेचं सुकाणू बाहेरच्याच्या हाती. दुसऱ्याच वर्षी लष्कराने त्यांची सत्ता उलथवली. चिलीत १९७३नंतर हुकूमशाहीच्या सावलीत शिकागोहून शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांनी खुला बाजार आणला. बाजाराच्या स्वातंत्र्यासाठी माणसांचं स्वातंत्र्य आधी काढून घ्यावं लागलं, ही विसंगती त्या धोरणाच्या समर्थकांना कधी नीट झाकता आली नाही. आपल्याकडे परवाना राज होतं. त्याने काही उद्योग उभे केले आणि बरेच उद्योगपती ऐतखाऊ केले. पण त्याच काळातला १९७० सालचा पेटंट कायदा विसरू नये. औषधाच्या द्रव्यावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळेल असं त्याने ठरवलं आणि मुंबईच्या औषध कंपन्या उभ्या राहिल्या. २००१ साली सिप्लाने एड्सवरची औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली तेव्हा आफ्रिकेत त्याचा अर्थ लगेच कळला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या घरात होता.

१९९१च्या उन्हाळ्यात परकीय चलन संपत आलं. जुलैत सुमारे सत्तेचाळीस टन सोनं गहाण ठेवायला विमानाने लंडनला गेलं. सोन्याचा तोच जुना रस्ता, फक्त आगबोटीच्या जागी विमान. पंतप्रधान नरसिंह राव आधी रामटेकचे खासदार होते, हरिभाऊ आपट्यांची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. ‘पण लक्षात कोण घेतो’ हे शीर्षक त्यांना त्या उन्हाळ्यात आठवलं असेल का, असा एक उगाच विचार मनात येतो. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘गॅट’ या जागतिक व्यापार कराराचा डंकेल मसुदा आला आणि शेतकरी चळवळ मधोमध चिरली गेली.

ही चीर म्हणजे माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात सुपीक भाग. इकडे कर्नाटक राज्य रयत संघ. १९८०चा जन्म, खांद्यावर हिरवी शाल, नेते प्रोफेसर एम. डी. नंजुंडस्वामी, म्हैसूरकडचे, कायद्याचे अभ्यासक, लोहियावादी. तिकडे शेतकरी संघटना, छातीवर लाल बिल्ला, नेते शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली टपाल संघटनेची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतलेले. कांदा, ऊस, तंबाखू यांची आंदोलनं दोघांच्या भागात पेटली. ऐंशीच्या दशकात देशभरच्या शेतकरी संघटनांच्या समन्वयात हे दोघे एका सतरंजीवर बसत.

डंकेलनंतर सतरंजी फाटली. नंजुंडस्वामींच्या लेखी बियाण्यावर कंपनीचा हक्क म्हणजे तैनाती तहच. डिसेंबर १९९२मध्ये रयत संघाच्या लोकांनी बंगळूरला कारगिल कंपनीच्या कचेरीत शिरून कागद बाहेर काढून जाळले, पुढच्या जुलैत बळ्ळारीकडचं तिचं बांधकाम पाडलं, १९९६ साली केंटकी चिकनच्या दुकानावर चाल केली, १९९८ साली मोन्सॅन्टोच्या चाचणीच्या कपाशीला आग लावली. १९९९मध्ये शेकडो शेतकऱ्यांना घेऊन ते युरोपभर फिरले. शरद जोशींनी नेमकं उलटं म्हटलं. सरकार आजवर शेतीमालाचे भाव पाडत आलं आहे, आयात-निर्यातीच्या बंद्या घालून शेतकऱ्याला लुटत आलं आहे; म्हणजे त्याची सबसिडी उणे आहे. बाहेरचा बाजार खुला झाला तर निदान घरच्या लुटारूपासून सुटका होईल. यात गंमत अशी की गॅटसाठी भारत सरकारने जे हिशेब दिले, त्यातूनच उणे सबसिडी सिद्ध झाली. ‘भारत विरुद्ध इंडिया’ असं ते म्हणत. मला त्यात फुल्यांचा असूड ऐकू येतो, भाषा फक्त अर्थशास्त्राची.

आज मागे वळून पाहताना दोघांचंही अर्धं बरोबर निघालं, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण नेमकं काय बरोबर निघालं ते सांगायला हवं. जोशींचं निदान अचूक होतं: कांद्याचा भाव जरा चढला की दिल्लीने निर्यातबंदी घालावी, हे त्यांच्या निधनानंतरही, म्हणजे २०१५नंतरही, तसंच चालू राहिलं. पण बाजार खुला झाला की श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांच्या सबसिड्या कमी करतील, हा त्यांचा विश्वास फोल ठरला. त्या देशांनी सबसिड्यांची नावं बदलली आणि वेगळ्या खणात ठेवल्या. नंजुंडस्वामींची धास्ती खरी होती, पण कंपनी आली ती त्यांनी फोडलेल्या दारातून आलीच नाही. बीटी कपाशी २००२ साली आली ती जालन्याच्या महिकोचा हात धरून. त्याआधीच गुजरातेत चोरबियाणं शेतात पोचलं होतं आणि शेतकऱ्यांनी स्वतःहून ते पेरलं होतं. २०१९च्या जूनमध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली आणि त्याला सत्याग्रह म्हटलं. एकाच पिकासाठी एका राज्यात जाळण्याचा सत्याग्रह आणि दुसऱ्यात पेरण्याचा!

तरीही या भांडणातून एक काम झालं, आणि त्याचं श्रेय रस्त्यावरच्या दबावाला आहे. जागतिक व्यापार संघटनेने वाणांना संरक्षण द्या म्हटलं, तेव्हा भारताने युरोपचा नमुना उचलला नाही. २००१च्या कायद्यात शेतकऱ्याला बियाणं ठेवायचा, वापरायचा, बदलायचा, ब्रँडचं नाव न लावता विकायचाही हक्क राहिला. २०१९ साली पेप्सिकोने गुजरातच्या बटाटा शेतकऱ्यांवर दावे लावले आणि गवगवा होताच काही आठवड्यांत मागे घेतले, त्यामागे हे कलम उभं होतं. अट कागदावरच बदलून घेतली तर ती पुढे कशी उपयोगी पडते, ते इथे दिसतं. जाळलेल्या कागदांची छायाचित्रं जास्त छापली गेली. हे कलम कुणी छापत नाही.

बाकीची यादी मराठी वाचकाला माहीत आहे. एन्रॉनच्या वीजप्रकल्पाचा प्राथमिक करार जून १९९२मध्ये झाला, जागतिक बँकेनेच तो परवडणार नाही म्हटलं, १९९५ साली नव्या सरकारने समुद्रात बुडवला आणि लगेच बाहेर काढून वाढीव क्षमतेसह पुन्हा सही केली. २००१पर्यंत डॉलरशी बांधलेल्या दराने वीज मंडळ वाकलं आणि वीज घेणं थांबलं. ज्यांनी आधीच सांगितलं होतं त्या गुहागरच्या गावकऱ्यांनी तोवर लाठ्या खाल्ल्या होत्या. गोव्यात केरीच्या पठारावर नायलॉनचा कारखाना आणायच्या विरोधात १९९५च्या जानेवारीत निलेश नायक हा तरुण पोलिसांच्या गोळीने गेला आणि ड्यूपॉन्टला गोवा सोडावं लागलं. कारखाना तामिळनाडूत गेला, हेही लिहायला हवं. रायगडात सेझसाठी पेणच्या बावीस गावांचं मत सप्टेंबर २००८मध्ये घेतलं, लोकांनी भरभरून नकार दिला. निकाल सरकारने जाहीर केला नाही, पण जमीनही गेली नाही. पाण्याच्या बाबतीत बेळगावात जागतिक बँकेच्या कर्जातून शहराच्या लहानशा भागाला चोवीस तास पाणी देण्याचं काम फ्रेंच कंपनीकडे गेलं. त्या भागात पाणी खरंच चोवीस तास आलं. शेजारच्या गल्लीने विचारलं, आमचं काय? बोलिव्हियातल्या कोचाबांबात २००० साली पाण्याचाच प्रश्न दंगलीपर्यंत गेला होता आणि करार रद्द झाला होता.

म्हैसूरकडच्या रेशमाचं दुःख त्या मानाने कुणाच्या बातमीत आलं नाही. २०११च्या अर्थसंकल्पात कच्च्या रेशमावरचं आयातशुल्क तीस टक्क्यांवरून पाचवर आणलं. चिनी रेशीम स्वस्त झालं, रामनगरच्या बाजारात कोषांचे भाव कोसळले, शेतकरी रस्त्यावर आले. २०१३ साली शुल्क पंधरा टक्क्यांवर गेलं. विणकराची बाजू वेगळी: त्याला स्वस्त सूत हवंच असतं. साम्राज्य, स्वदेशी, बाजार हे शब्द सोडून एखाद्या हातमागवाल्याशी बोलायला बसलं की तो फक्त सुताचा भाव सांगतो. तुती लावणारा आणि रेशीम विणणारा यांच्यात कोण देशभक्त, हे मला ठरवता आलेलं नाही.

आणि चंदन. २००१ साली कर्नाटकाने कायदा बदलला आणि स्वतःच्या शेतातलं चंदनाचं झाड शेतकऱ्याच्या मालकीचं झालं. टिपूपासून चालत आलेला मक्ता दोनशे वर्षांनी सैल पडला. मधल्या काळात मक्त्याच्या धाकाने लोक रोप उगवलं की उपटून टाकत, कारण झाड सरकारचं आणि चोरीचा जाब घरमालकाला. जंगलातली झाडं चोरांनी संपवली. ज्या जातीचं चंदन म्हैसूरच्या नावाने जगात ओळखलं जातं, त्याच्या मोठमोठ्या बागा आज पश्चिम ऑस्ट्रेलियात आहेत. इकडे झाड लावलं तर मालक आपण, पण तोडायची परवानगी वनखात्याची, आणि गाभा भरेपर्यंतची पंधरा-वीस वर्षं रात्रीची राखण आपली. देवराज मार्केटात अत्तरवाल्यांच्या ओळीत चंदनतेलाच्या लहान बाटल्या मांडलेल्या असतात. पर्यटक हातावर थेंब घेतात, वास घेतात, भाव करतात. अस्सल कुठलं आणि भेसळ कुठली, हे ओळखायला त्या गल्लीतही आता जुनं नाक लागतं.